पेट्रोलचा वास केव्हा येतो: एमएक्स-५ मधल्या दोन गळत्यांचा माग

गाडी १९९० ची माझदा एमएक्स-५, १.६ लिटरचं बी६ इंजिन, इंजेक्शनची. जमिनीवर कधी थेंब नाही, डाग नाही, मायलेजमध्येही फरक नाही. फक्त वास. अशा वेळी पहिला हात बॉनेटकडे जातो आणि दुसरा पान्याकडे. आम्ही चार दिवस दोन्हींना हात लावला नाही, फक्त नोंदी केल्या: वास केव्हा आला, कुठे आला, टाकीत पेट्रोल किती होतं, इंजिन थंड होतं की गरम.

चार दिवसांत दोन वेगळी चित्रं दिसली. टाकी काठोकाठ भरली की पुढचे दोन दिवस सीटच्या मागे आणि डिकीत वास यायचा. पाऊण टाकीच्या खाली पातळी गेली की तो गायब. दुसरा वास सकाळच्या पहिल्या स्टार्टला बॉनेटकडून यायचा, तीन-चार मिनिटं टिकायचा आणि इंजिन तापलं की जायचा, टाकी भरलेली असो वा रिकामी. म्हणजे या एका तक्रारीमागे दोन गळत्या होत्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. इथे घाईने एखादा पाइप बदलला असता तर एक वास गेला असता, दुसरा राहिला असता, आणि नवा पाइपच खराब निघाला असं वाटून पुन्हा तिथेच शोधाशोध झाली असती.

गळती कधी होते यावरूनच जागा बरीचशी ठरते. पातळीवर अवलंबून असलेली गळती टाकीच्या वरच्या भागात असते: टाकीत बुडालेला पंप धरणाऱ्या प्लेटचं गॅस्केट, भरणीच्या नळीचा जाड रबरी पाइप, वाफेचे बारीक पाइप. एमएक्स-५ ची ४५ लिटरची टाकी सीटच्या मागे आडवी बसते आणि ही सगळी जोडणी तिच्या माथ्यावर किंवा वर डिकीत असते. पेट्रोल तिथपर्यंत पोहोचलं तरच पाझरतं. चालू गाडीत, गरम असो वा थंड, सतत येणारा वास दाबाच्या बाजूचा असतो: फिल्टर, पुढे जाणारा पाइप, इंजेक्टरची रेल (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी सामाईक नळी). फक्त थंडीत येणारा आणि तापल्यावर बंद होणारा वास जवळजवळ नेहमी रबराचा असतो. जोडातली जुनी ओ-रिंग, म्हणजे सील करणारी गोल रबरी कडी, कडक होते आणि दाबून दाबून चपटी झालेली असते. थंड झाल्यावर रबर धातूपेक्षा कितीतरी जास्त आकसतं, तेव्हा खोबणीत फट पडते. इंजिन तापलं की रबर फुगतं आणि फट बुजते. म्हणूनच गरम इंजिनावर टॉर्च घेऊन कितीही शोधलं तरी ही गळती सापडत नाही.

हत्यारं काढण्याआधीची तयारी. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली तरी तेवढं मिश्रण पेटायला पुरतं. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. त्यामुळे काम मोकळ्यावर करावं. बंद गॅरेज, तळखड्डा, जवळपास गिझर किंवा कसलीही ज्योत चालणार नाही. बल्बचा हँडलॅम्प नको, बंदिस्त एलईडी टॉर्च हवा. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी हवं, भिंतीवर टांगलेलं उपयोगाचं नाही. या गाडीत एक गोष्ट विशेष जपायची: बॅटरी डिकीत असते, म्हणजे मागच्या वासाच्या अगदी शेजारी. डिकी उघडून दहा मिनिटं वारं खेळू द्यायचं, मगच निगेटिव्ह टर्मिनलला पाना लावायचा. बंद डिकीत साचलेल्या वाफेत टर्मिनलची ठिणगी म्हणजे थेट आग.

पुढची गळती आधी घेतली, कारण धोका तिचा जास्त. बी६ इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या खाली स्टार्टर मोटर बसते. रेलवरून पाझरलेलं पेट्रोल खाली ओघळून तिच्याच दिशेने जातं आणि वास नेमका पहिल्या स्टार्टला येतो. ‘थोडासाच तर वास आहे’ म्हणून अशी गाडी रोज चालवणं आम्हाला मान्य नाही. चार दिवसांच्या नोंदी झाल्यावर गळती सापडेपर्यंत ती चालवलीच नाही.

शोधण्यासाठी रेल आणि इंजेक्टरभोवतीची जागा आदल्या संध्याकाळी डिग्रीझरने धुऊन कोरडी केली. पेट्रोल ओला डाग ठेवत नाही, काही मिनिटांत उडून जातं. मागे राहतो तो पिवळट-तपकिरी थर, किंवा उलट, तेलकट मळीत धुतल्यासारखा स्वच्छ ओघळ. जुन्या मळीत हे दोन्ही वाचता येत नाहीत, म्हणून सफाई टाळू नये. मग प्रत्येक इंजेक्टरच्या वरच्या आणि खालच्या मानेला टिश्यू कागदाची बोटभर पट्टी गुंडाळली, आणि रेलच्या खालून साध्या टाल्कम पावडरचा हलका थर दिला. ओली पावडर लगेच गडद दिसते. भेगा शोधायचा डेव्हलपर स्प्रे इथे वापरू नये, त्यातलं द्रावण स्वतःच ज्वलनशील असतं.

सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर, इंजिन चालू न करता फक्त पंप चालवायचा होता. इंजिन चालू असलं की मॅनिफोल्ड तापतो आणि बारीक पाझर दिसण्याआधीच उडतो. १.६ मध्ये नुसती चावी फिरवून पंप चालत नाही. इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो मीटरच्या पाकळीमागे एक स्विच असतो, हवा ओढली जाऊन पाकळी हलली की पंपाला वीज मिळते. त्यामुळे केवळ चावी ऑन करून रेलवर दाब येईल या समजुतीत तपासणी केली तर सगळं कोरडंच दिसणार. त्यासाठी बॉनेटखालच्या डायग्नोसिस पेटीत एफ/पी आणि जीएनडी या दोन खाचा तारेच्या तुकड्याने (जंपरने) जोडायच्या. तार जोडताना चावी बंद हवी. आधी तार, मग चावी, म्हणजे ठिणगी उडाली तरी ती बॉनेटखाली उडत नाही. चावी ऑन करताच सीटमागे पंपाची गुणगुण सुरू होते.

एक जण चावीवर, दुसरा दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन रेलखाली. चाळीस सेकंदांत तिसऱ्या इंजेक्टरच्या वरच्या मानेची पट्टी ओली झाली. बाकी सातही पट्ट्या कोरड्या. पंप बंद केला, भिजलेली पट्टी बाहेर नेऊन टाकली, पुरेसा वेळ वारं लागू दिलं, आणि अग्निशामक हातात धरून इंजिन दहा मिनिटं चालवलं. ते तापल्यावर नवी पट्टी लावून तीच चाचणी पुन्हा केली तर दोन मिनिटांतही काही नाही. थंडीत गळते, गरम झाल्यावर थांबते. ओ-रिंगचं निदान पक्कं झालं.

दाब मोजणारा गेज आम्ही तरीही लावला, पण त्याच्याकडून अपेक्षा काय ठेवायची हे आधी समजून घ्यावं. फिल्टर आणि रेलच्या मधल्या पाइपात तीन तोंडांचा टी जोडून घेतलेला दाब २.९ बार आला. या गाडीला जंपर लावून २.७ ते ३.२ बार हवा, आणि इंजिन आयडलला असताना दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरवर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम आला की तोच सुमारे अर्धा बार खाली यायला हवा. दोन्ही बरोबर आले, गळती असूनही! पंप दर मिनिटाला लिटरच्या हिशोबात पेट्रोल ढकलतो, जास्तीचं रेग्युलेटरमधून टाकीत परत जातं. त्यापुढे थेंबांचा पाझर गेजच्या काट्याला हलवू शकत नाही. ‘दाब बरोबर आहे म्हणजे गळती नाही’ हा निष्कर्ष धोकादायक आहे. गेजचा खरा उपयोग पंप बंद केल्यानंतर. पाच मिनिटांनी निदान दीड बार शिल्लक राहायला हवा. आमचा १.२ वर आला.

हा दाब कुठून जातो हे पाइप चिमटून कळतं, पण जुना कडक झालेला रबरी पाइप चिमटला तर तिथेच फुटतो. म्हणून ही चाचणी नवे पाइप लागल्यावर करायची. क्रम असा: पंप चालवून दाब आणायचा, पंप बंद करायचा, आणि त्याच क्षणी गुळगुळीत गोल जबड्यांच्या चिमट्याने परतीचा पाइप दाबायचा. दाब टिकला तर रेग्युलेटर आतून गळतोय. नाही टिकला तर दुसऱ्या फेरीत पंपाकडून येणारा पाइप दाबायचा. आता टिकला तर दोष पंपाच्या चेक व्हाल्व्हचा, म्हणजे पेट्रोल उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेचा. दोन्हींत पडतच राहिला तर इंजेक्टर तरी आत ठिबकतायत किंवा गळती बाहेर आहे. परतीचा पाइप दाबलेला असताना पंप चालवायचा नाही. दाबाला वाटच उरत नाही आणि तो खूप वर चढतो. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची बारीक नळीही काढून पाहावी. आत पेट्रोल किंवा पेट्रोलचा भपका असेल तर पडदा फाटलाय. इथे नळी कोरडी होती.

रेल काढण्याआधी दाब उतरवला. टाकीचं झाकण उघडलं, इंजिन चालू करून डॅशखालच्या, पंपाला वीज देणाऱ्या सर्किट ओपनिंग रिलेचा जोड काढला, आणि इंजिन आपोआप बंद पडू दिलं. एवढं करूनही पाइपात थोडं पेट्रोल राहतंच, जोडाभोवती फडकं धरावं. ओ-रिंग चारही इंजेक्टरच्या बदलल्या, वरच्या आणि खालच्या दोन्ही, सोबत मॅनिफोल्डमध्ये बसणारे रबरी इन्सुलेटर. गळत होता एकच, पण चौघांचं वय तेच. काढलेल्या ओ-रिंगचा छेद गोल राहिला नव्हता, इंग्रजी डी अक्षरासारखा झाला होता, आणि नखाचा व्रण उमटत नव्हता. नव्या एफकेएमच्या, म्हणजे व्हायटॉनच्या घेतल्या. दिसायला सारख्या असणाऱ्या साध्या नायट्राइल रिंग इथे नकोत. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि इंजिनाची उष्णता या दोन्हींत त्या लवकर कडक होतात.

बहुतेक चुका बसवताना होतात. खोबणी लोखंडी टोच्याने खरवडू नये, लाकडी काडी आणि फडकं पुरेसं आहे. एक ओरखडा पडला की नवी रिंगही पाझरते. रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं, ग्रीस किंवा सिलिकॉन नाही. रेलखालचे स्पेसर ज्या जागेचे त्या जागी. बोल्ट एकेक करून आवळत न जाता आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, आणि मॅन्युअलच्या टॉर्कवर थांबायचं. आवळण्याआधी आणि नंतर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी फिरवून पाहावा. सहज फिरला तर रिंग सरळ बसली आहे. अडकला तर ती दुमडली किंवा कापली गेली आहे, रेल पुन्हा काढायची. तो अर्धा तास वाचवू नये.

टाकीच्या बाजूचं काम सावकाश करण्याचं. सीटमागचा गालिचा उचलला की पत्र्याचं झाकण दिसतं. त्याचे स्क्रू जपानी जेआयएस खाचेचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही आणि डोकं खराब करतो. झाकण काढल्याबरोबर वास वाढला, पण वासावर भरवसा ठेवता येत नाही. काही मिनिटांत नाक बधिर होतं, आणि गालिच्यात मुरलेला जुना वास दुरुस्तीनंतरही दिवसेंदिवस राहतो. मोजता येईल अशी चाचणी हवी.

ती आम्ही पाण्याच्या स्तंभाने केली. पारदर्शक नळी यू आकारात फळीला बांधली, तीत रंगीत पाणी भरलं, शेजारी पट्टी लावली. नळीचं एक टोक टाकीच्या वाफेच्या पाइपाला टी करून जोडलं, तिसऱ्या तोंडाला रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा रबरी फुगा. कॅनिस्टरकडे, म्हणजे पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे, जाणारी वाट चिमटली. मध्ये व्हाल्व्ह असेल तर टाकीच्या बाजूला जोडावं, नाहीतर व्हाल्व्हच तपासत बसाल. फुग्याने पाण्याच्या दोन पातळ्यांत ३५ सेंटीमीटरचा फरक आणायचा, म्हणजे सुमारे ०.०३५ बार, त्याच्या वर अजिबात नाही. टाकी पत्र्याची मोठी पेटी आहे, थोडा जास्त दाबही तिच्या सपाट भिंतींवर मोठं बळ होतो. कंप्रेसर या कामाला वर्ज्य.

या चाचणीत एक फसवणूक आहे. आत ढकललेली ताजी हवा कोरडी असते, तिच्यात पेट्रोलची वाफ मिसळत जाते आणि दाब आपोआप चढतो. गळती असली तरी पहिली काही मिनिटं स्तंभ स्थिर दिसू शकतो. म्हणून पाच मिनिटं थांबायचं, दाब पुन्हा ३५ वर आणायचा, आणि मगच घड्याळ लावायचं. गाडी सावलीत हवी, टाकी अर्धी किंवा कमी भरलेली. भरल्या टाकीत हवेची जागा इतकी कमी उरते की नगण्य गळतीलाही स्तंभ धाडकन पडतो.

मोजणी सुरू झाल्यावर एका मिनिटात स्तंभ ३५ वरून २० वर आला. साबणाचं पाणी ब्रशने लावलं तेव्हा पंपाच्या प्लेटच्या मागच्या कडेला बुडबुड्यांची रांग उठली. पंप बाहेर काढला. आत दुसरी चूक सापडली: पंप आणि प्लेटच्या मधला वीतभरही नसलेला पाइप कधीतरी साध्या आर६ दर्जाच्या रबराचा बसवला गेला होता. तो बाहेरून मऊ, फुगलेला, बोटाला काळा लागणारा झाला होता. दीड बारचा दाब न टिकण्यामागे तोही असू शकत होता. टाकीत बुडणाऱ्या पाइपाला बाहेरूनही पेट्रोल सोसावं लागतं, आणि ते काम फक्त एसएई जे३० या इंधन-पाइपांच्या मानकातला आर१० दर्जाचा पाइप करतो. बाहेरच्या दाबाच्या पाइपांना आर९. आर६ आणि आर७ सुमारे साडेतीन बारसाठी असतात, इंजेक्शनला ते अपुरे. उलट आर९ टाकीत बुडवला तर तो आतून टिकतो, बाहेरून सडतो. दुकानात हे सगळे काळे पाइप सारखेच दिसतात. अंगावरची छपाई वाचल्याशिवाय घेऊ नये.

प्लेटची कड आरशाच्या काचेवर ठेवून सपाट आहे का पाहिली, गंज साफ केला, नवं गॅस्केट लावलं. सोबत सीलंट काही नाही. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, सुटतं, आणि त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत जातात. स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले.

पुन्हा स्तंभ. आता पाच मिनिटांत ३५ वरून २९. बरंच सुधारलं, पण बंद नाही, आणि प्लेटवर बुडबुडा नाही. डिकीतलं अस्तर काढून भरणीच्या नळीभोवती साबण लावला तर वाफेच्या बारीक पाइपाला क्लिपच्या अगदी खाली केसाएवढी चीर दिसली. क्लिप सरकवल्याशिवाय ती दिसलीच नसती. रबर सर्वात आधी तिथेच तडकतं, कारण वर्षानुवर्षं तिथे ताण असतो. पाइप बदलला, भरणीचा जाड पाइपही वाकवून तपासला, तो ठीक होता.

त्याच दिवशी मागच्या चाकापुढचा तळातला फिल्टर आणि त्याचे दोन्ही पाइप बदलले. खाली ट्रे ठेवला, थोडं पेट्रोल येतंच. चिकटलेला पाइप ओढू नये, आधी पकडीने पिळून सुटा करावा, आणि नाहीच सुटला तर लांबीच्या दिशेने चिरावा, पण पात्याचा ओरखडा लोखंडी नळीवर पडता कामा नये. नवा पाइप ८ मिमीचा, धारदार पात्याने काटकोनात कापलेला, नळीवर निदान २० ते २५ मिमी चढवलेला, आणि क्लॅम्प नळीच्या फुगवट्याच्या मागे. क्लॅम्प कडा वळवलेल्या अखंड पट्टीचे घ्यावेत. खाचांच्या पट्टीचे क्लॅम्प रबर कातरतात. नवं रबर पहिल्या तापण्यात थोडं बसतं, म्हणून एकदा गाडी चालवून, पूर्ण थंड झाल्यावर प्रत्येक क्लॅम्प पुन्हा तपासला. दोन किंचित सैल निघाले.

नव्या पाइपांवर चिमट्याची चाचणी करण्याची वेळच आली नाही, पाच मिनिटांनी गेज २.३ बारवर उभा होता. थंड सकाळी टिश्यूच्या आठ पट्ट्या आणि दोन मिनिटांचा पंप: सगळ्या कोरड्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. पाण्याचा स्तंभ दहा मिनिटांत ३५ वरून ३४ वर, आणि साबणाला कुठेही बुडबुडा नाही. मग टाकी पेट्रोल पंपावरच्या नोझलच्या पहिल्या ‘टक’पर्यंत भरली, त्यापुढे एक थेंब नाही. वर रेटून भरलेलं पेट्रोल वाफेच्या वाटेने कॅनिस्टरमध्ये जातं, कोळसा भिजवतं, आणि नसलेल्या गळतीचा वास आठवडाभर देत राहतं. पत्र्याचं झाकण दोन दिवस उघडंच ठेवलं. प्लेटच्या कडेने पसरलेली टाल्कम पावडर तिसऱ्या दिवशीही पांढरी होती, तेव्हा झाकण लावून गालिचा परत बसवला.